इतकी गुप्तता मांजरासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय ही कंपनी आणि आयफोनचं रूप ज्यांनी ठरवलं ते जॉनी आइव्ह मिळून एक उपकरण बनवताहेत. त्याला स्क्रीन नाही म्हणतात, ते अंगावर घालायचंही नाही म्हणतात, आणि तरी ते जग बदलणार म्हणतात. मग ते आहे तरी काय? हार्डवेअरमध्ये काम केलेल्या कुणीतरी डोकं चालवून सांगावं.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. माझ्या अंदाजाने ती तळहातात मावणारी, कडा गोल केलेली चपटी डबी असेल. आत तीन-चार मायक्रोफोन, बऱ्यापैकी स्पीकर, बहुधा एक कॅमेरा, ब्लूटूथ आणि वायफाय, आणि उरलेल्या जागेत कोंबता येईल तेवढी बॅटरी. टेबलावर ठेवा किंवा खिशात टाका, ती ऐकत राहणार, आणि खरा विचार दूर कुठल्यातरी सर्व्हरवर होणार. बस.

हे वाचून तुमच्या मनात ‘एवढंच?’ आलं असेल, तर माझं पुढचं सगळं लिहिणं त्या एका शब्दाबद्दल आहे. गेली २६ वर्षं मी अशा वस्तूंच्या पोटातली मांडणी करतोय: बॅटरी कुठे बसेल, बोर्डाला किती जागा उरेल, उष्णता कुठून बाहेर पडेल. त्यातली निम्मी कामं एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही करून केलेली. या धंद्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. गुप्त वस्तू ओळखणं तितकंसं अवघड नसतं. अवघड जातं ते ओळखलेल्या उत्तरावर विश्वास ठेवणं. कारण तोवर ढोल इतके वाजलेले असतात, की खरं उत्तर समोर येऊन उभं राहिलं तरी आपणच त्याला हाकलून देतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २००१ सालचं. त्या जानेवारीत इनसाइड डॉट कॉम या अमेरिकी संकेतस्थळाने बातमी फोडली: हार्वर्ड बिझनेस स्कूल प्रेसने एका पुस्तकासाठी अडीच लाख डॉलर मोजले आहेत आणि ते पुस्तक ज्या यंत्राबद्दल आहे ते काय आहे हे कुणालाच सांगितलेलं नाही. यंत्राचं टोपणनाव ‘जिंजर’, काही जण नुसतं ‘इट’ म्हणत. बनवणारे डीन केमन, न्यू हॅम्पशर राज्यातल्या मँचेस्टरमधले नामांकित संशोधक. स्टीव्ह जॉब्ज, जेफ बेझोस आणि गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी ते पाहिलं होतं आणि तिघेही भारावले होते. झालं. लोकांच्या कल्पनेला पंख फुटले. हायड्रोजनवर चालणारं इंजिन, हवेत तरंगणारी पाटी, पाठीवर बांधायचं उड्डाणयंत्र, गुरुत्वाकर्षणाला चकवणारं काहीतरी. माझ्या तेव्हाच्या ऑफिसातही पैजा लागल्या होत्या. मीही लावली होती, हायड्रोजनवर. त्याबद्दल नंतर बराच काळ चहाचे पैसे मलाच द्यावे लागले.

आता त्या बातमीतल्याच खुणा शांतपणे वाचून बघा. पुस्तकाच्या प्रस्तावात लिहिलं होतं की केमन यांनी एका खासगी बैठकीत दोन मोठ्या डफल बॅगा आणि काही पुठ्ठ्याच्या खोक्यांत मावणाऱ्या सामानातून स्क्रूड्रायव्हर आणि ॲलन की वापरून दहा मिनिटांत दोन ‘जिंजर’ जोडून उभ्या केल्या. हे वाक्य मी नंतर अनेक नवशिक्या इंजिनिअरांना वाचायला दिलंय. दोन बॅगा आणि काही खोकी, म्हणजे वस्तू माणसाच्या मापाची. ॲलन की, म्हणजे जोड यांत्रिक, नट-बोल्टचे. दहा मिनिटं, म्हणजे नाजूक जुळवणी नाही, दाबाखालचा वायू नाही, गळती तपासायची भानगड नाही. बैठकीतच जोडून उभी केली, म्हणजे धूर नाही आणि फारसा आवाज नाही. हायड्रोजन तिथेच बाद व्हायला हवा होता. मॉडेलं दोन, ‘मेट्रो’ आणि ‘प्रो’. ‘मेट्रो’ची किंमत २,००० डॉलरच्या आत राहील अशी शक्यता. आणि हेही लिहिलं होतं की हे शहरातल्या लोकांना त्रास देणाऱ्या, घाण करणाऱ्या, महागड्या आणि कधीकधी धोकादायक गोष्टींना पर्याय देईल. शहरातली महागडी, धूर सोडणारी, धोकादायक गोष्ट कोणती, याला फार डोकं लागत नाही.

त्याहून मोठी खूण तर नावातच होती. केमन यांनी त्याआधी एक व्हीलचेअर बनवली होती, आयबॉट. १९९९ मध्ये ती जगासमोर आली. ती दोन चाकांवर उभी राहून तोल सांभाळायची आणि जिने चढायची. तिचं आतलं टोपणनाव ‘फ्रेड’, फ्रेड अस्टेअर या नर्तकावरून, कारण ती पायऱ्यांवर नाचल्यासारखी चढायची. फ्रेड अस्टेअरची पडद्यावरची जोडीदारीण कोण? जिंजर रॉजर्स. म्हणजे ‘जिंजर’ ही ‘फ्रेड’ची जोडीदार, तोल सांभाळणाऱ्या व्हीलचेअरचंच तंत्र, फक्त धडधाकट माणसासाठी. हे कोडं नव्हतंच, पत्ता लिहिलेलं पाकीट होतं.

आणि एवढ्यावरही भागलं नाही, तर केमन यांचा आंतरराष्ट्रीय पेटंट अर्ज तोवर प्रसिद्ध झालेला होता. त्यात दांड्याला धरून छोट्या पाटीवर उभ्या असलेल्या माणसाचं चित्र होतं. बातमी फुटल्यावर लोकांनी ते शोधून काढलं, वर्तमानपत्रांत छापून आलं. तरी लोक म्हणाले, छे, ही तर स्कूटर आहे. स्कूटरसाठी बेझोस कशाला भारावतील? हे फसवायला टाकलेलं चित्र असणार.

३ डिसेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये सकाळच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पडदा उठला आणि ती स्कूटरच होती. सेगवे. किंमत जवळपास ५,००० डॉलर. २००२ संपेपर्यंत आठवड्याला १०,००० विकल्या जातील असं केमन यांचं भाकीत होतं. सप्टेंबर २००३ मध्ये सगळ्या गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या (बॅटरी उतरत आली की माणूस पुढे पडायचा), आणि त्या सरकारी नोटिशीतून खरा आकडा बाहेर आला: तोवर विकलेल्या गाड्या सुमारे ६,०००. २०२० मध्ये उत्पादन थांबलं, तोवर एकूण जेमतेम १,४०,००० च्या आसपास.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण सेगवेची टिंगल करणं फार सोपं झालंय. यंत्र म्हणून ते अफलातून होतं. पाच जायरोस्कोप, दोन कलमापक, सेकंदाला सुमारे शंभर वेळा हिशोब करून चाकं पुढेमागे करणारी नियंत्रणप्रणाली. मी ते पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. ज्या तिघांनी स्तुती केली ते खोटं बोलत नव्हते. ते यंत्रावर खूश होते. आपण ती स्तुती वापरावर चिकटवली.

आता माझी स्वतःची गोष्ट, म्हणजे दुसऱ्यांना शहाणपणा शिकवतोय असं वाटायला नको.

साधारण बारा वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीचं काम आमच्याकडे मध्यस्थामार्फत आलं. एनडीए नऊ पानी. वस्तू काय ते सांगणार नाही; फक्त एका भागाचं ड्रॉइंग मिळणार, टायटल ब्लॉकमध्ये वस्तूच्या नावाच्या जागी पाच आकडी नंबर. भाग म्हणजे ३४ मिलिमीटर लांबीची प्लास्टिकची क्लिप, पट्टा अडकवायची. अटी मात्र मजेशीर. एक, पट्ट्यावर साधारण तीन किलोची ओढ आली की क्लिप आपोआप सुटली पाहिजे. चारला अडकून राहिली तर नापास. दोन, तोंडात धरून चावली तरी तुकडा पडता कामा नये. तीन, एक मीटर पाण्यात अर्धा तास. चार, संपूर्ण वजन किती भरतंय ते दशांश ग्रॅमपर्यंत कळवायचं. आणि सोबत सूचना: नमुने पारदर्शक पिशवीतून पाठवू नयेत.

आम्ही चौघं जेवणाच्या सुट्टीत त्या क्लिपवर तासंतास बोलायचो. ओढली की सुटते, म्हणजे गळ्यात घालायची वस्तू, फास बसू नये म्हणून. चावण्याची चाचणी, म्हणजे लहान मूल. पाणी, म्हणजे आंघोळ, लाळ. निष्कर्ष ठरला: तान्ह्या बाळाचा श्वास मोजणारं वैद्यकीय उपकरण. गुप्तता पण त्याला साजेशी. आमच्यात सगळ्यात धाकटा एक मुलगा होता, घरी दोन मांजरं पाळणारा. तो दुसऱ्याच दिवशी म्हणाला, ‘‘सर, हे मांजराच्या पट्ट्याचं बकल आहे. मांजर झाडाला अडकलं की सुटायला लागतं.’’ आम्ही हसलो. मीच सगळ्यात मोठ्याने. इतकी गुप्तता मांजरासाठी? नऊ पानी करार मांजरासाठी?

सात महिन्यांनी वस्तू बाजारात आली. मांजर कुठे भटकतंय ते सांगणारा पट्टा होता.

त्या मुलाने वापरलेली माहिती आमच्याकडेही होती, तीच तीन किलोची ओढ. फरक इतकाच, की कराराच्या पानांवरून उत्तराचं वजन ठरवायचं त्याला सुचलं नाही. बाळाला ओढून सुटणारी क्लिप लावली तर बाळच ती ओढून टाकेल, हा साधा विचारही आम्हा जाणत्यांच्या डोक्यात आला नाही, कारण आम्हाला मोठं उत्तर हवं होतं.

तेव्हापासून अंदाज बांधायला बसलो की मी स्तुती बाजूला ठेवतो आणि कंटाळवाणे कागद शोधतो. पेटंट अर्ज बहुतेक देशांत पहिल्या तारखेपासून १८ महिन्यांनी उघड होतो. म्हणजे खरोखर काही नवं केलं असेल तर दीड वर्षाने त्याची चित्रं कुणालाही बघता येतात. ट्रेडमार्क त्याहून बोलका, कारण नाव कुठल्या प्रकारच्या मालासाठी घेतलंय ते लिहावंच लागतं. एकूण ४५ वर्ग. नववा इलेक्ट्रॉनिक्सचा, दहावा वैद्यकीय उपकरणांचा, बारावा वाहनांचा. कंपन्या यातूनही पळवाट काढतात. ॲपलच्या वतीने ‘आयफोन’ या नावाचा अर्ज ओशन टेलिकॉम सर्व्हिसेस नावाच्या एका अनोळखी कंपनीने आधी त्रिनिदाद आणि टोबॅगोमध्ये केला होता. तिथली नोंद ऑनलाइन सहज चाळता येत नव्हती आणि आंतरराष्ट्रीय करारानुसार पुढचे सहा महिने तीच तारीख दुसऱ्या देशात धरता येते. नोकरीच्या जाहिराती तर मी वर्तमानपत्रासारख्या वाचतो. ‘यूएन ३८.३ चा अनुभव हवा’ असं दिसलं की समजायचं, लिथियम बॅटरी आहे आणि ती विमानाने पाठवायची वेळ जवळ आलीये. ती चाचणी वाहतुकीसाठीच असते.

रेडिओ लहरी सोडणाऱ्या कुठल्याही वस्तूला अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेची परवानगी लागते, आणि ती नोंद जाहीर असते. ९ जानेवारी २००७ ला आयफोन दाखवताना जॉब्ज यांनी मंचावरच सांगितलं होतं, की विक्रीला अजून काही महिने आहेत, पण परवानगीच्या कागदांतून लोकांना कळण्याआधी आम्हीच सांगून टाकतोय. गुप्ततेत मुरलेल्या माणसाने सरकारी अर्जापुढे हात टेकले होते.

गाजावाजाचा दुसराही प्रकार असतो, जिथे वस्तूच नसते. तिथे कागदापेक्षा शाळेतली सूत्रं जास्त उपयोगी. ईईस्टोर नावाच्या टेक्सासमधल्या कंपनीने मोटारीसाठी कपॅसिटर बनवल्याचा दावा केला होता. २००६ च्या पेटंटात आकडे स्पष्ट दिले होते: ३१ फॅरड, ३,५०० व्होल्ट, वजन सुमारे १२८ किलो. बारावीचं सूत्र घ्या, अर्धा गुणिले धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग. उत्तर येतं सुमारे १९ कोटी ज्यूल, म्हणजे जवळपास ५३ युनिट वीज. हिशोब बरोबर जुळतो! म्हणूनच भलेभले फसले. पण तो जुळतो कधी, तर आतलं बेरियम टायटनेट ३,५०० व्होल्टलाही कमी व्होल्टेजइतकंच उत्साहाने वागलं तर. तो पदार्थ तसा वागत नाही. विद्युतक्षेत्र वाढलं की त्याची क्षमता घसरत जाते, हे सिरॅमिक कपॅसिटर वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आम्ही तर १० व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचा लावतो तो याच कारणाने. त्या कपॅसिटरवर चालणारी मोटार कधी बाजारात आली नाही. हा मुद्दा इथेच सोडतो, कारण ओपनएआयचं प्रकरण या जातीचं नाही. तिथे निसर्गनियम कुणी मोडत नाहीये.

तर आता त्या उपकरणाकडे. हाताशी काय आहे ते बघू.

२१ मे २०२५ ला ओपनएआयने जॉनी आइव्ह यांची ‘आयओ’ ही कंपनी घेतल्याचं जाहीर केलं. सौदा सुमारे साडेसहा अब्ज डॉलरचा, समभागांच्या रूपात. हा आकडा लोकांच्या डोळ्यांत भरतो आणि ते म्हणतात, एवढे पैसे, म्हणजे वस्तू काहीतरी भन्नाट असणार. पण आयओमध्ये माणसं होती पन्नास-पंचावन्न, बरीचशी ॲपलमधून आलेली. पैसे माणसांचे मोजलेत. वस्तूबद्दल त्या आकड्यातून काहीही कळत नाही.

याउलट ‘आयवायओ’ नावाच्या दुसऱ्या कंपनीने नावाच्या साधर्म्यावरून ओपनएआयला कोर्टात खेचलं तेव्हा फुकटात बरंच कळलं. जून २०२५ मध्ये आयओचे सहसंस्थापक टँग टॅन यांनी शपथेवर सांगितलं, की सौदा जाहीर करतानाच्या व्हिडिओत ज्या प्रोटोटाइपचा (नमुना यंत्राचा) उल्लेख आहे तो कानात घालायचा नाही, अंगावर घालायचाही नाही, आणि विक्रीला किमान वर्ष आहे. बातम्यांचे मथळे झाले, ‘उपकरण अंगावर घालायचं नाही’. पण वकिलाने तासून दिलेलं वाक्य पुन्हा वाचा. ते एका विशिष्ट प्रोटोटाइपबद्दल आहे. पुढच्या भावंडांबद्दल नाही, आणि ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी तर उपकरणांचं कुटुंब म्हटलंय. शिवाय त्याच कागदपत्रांतून कळलं, की या मंडळींनी अभ्यासासाठी बाजारातले किमान तीस हेडफोन विकत घेतले होते. कुणी गंमत म्हणून तीस हेडफोन विकत घेत नाही.

माझ्या लेखी सगळ्यात मोठी खूण मात्र वेगळीच आहे. कर्मचाऱ्यांशी बोलताना ऑल्टमन यांनी १० कोटी उपकरणांचं स्वप्न सांगितलं, तेही आजवर कुणी केलं नसेल इतक्या वेगाने, अशी बातमी आली. लोकांनी ते फुशारकी म्हणून सोडून दिलं. मी त्याच्याकडे कारखान्याच्या दारातून बघतो. आयफोन जून २००७ मध्ये विक्रीला आला आणि १० कोटींचा टप्पा मार्च २०११ मध्ये जाहीर झाला, पावणेचार वर्षांनी. त्याहून वेगाने जायचं तर आत एकही भाग असा चालणार नाही, जो जगात एकच पुरवठादार बनवतो किंवा ज्याचे शंभरातले चाळीस नग नापास होतात. म्हणजे डोळ्यांसमोर चित्र उभं करणारी खास काच नाही, लेझरचा प्रक्षेपक नाही, कुणी कधी न बनवलेला सेन्सर नाही. मायक्रोफोन, स्पीकर, मोबाइलचा कॅमेरा, ब्लूटूथची चिप, लिथियम पाउच. बाजारात कोट्यवधींनी मिळणारं सामान. स्वप्न जितकं मोठं, तितकी वस्तू साधी असावी लागते. तुम्हाला ‘एवढंच?’ वाटलं ना, ते इथून आलंय.

खिशात किंवा टेबलावर राहील, आजूबाजूचं भान ठेवेल, हेही त्याच बातमीत होतं. त्यावरून लोकांनी पेनचा अंदाज बांधलाय. पेन मला पटत नाही, आणि कारण निव्वळ जागेचं आहे. पेनात बसेल असा सेल म्हणजे साधारण १० मिलिमीटर जाडीचा, छोट्या पेन्सिल सेलच्या मापाचा. लिथियमचा घेतला तरी त्यात सव्वा वॅट-तासाच्या आसपास ऊर्जा. मोबाइल नेटवर्कवरून आवाज पाठवताना एक वॅट सहज लागतो; म्हणजे तासाभराच्या गप्पा आणि पेन झोपलं. आता ६० मिलिमीटर व्यासाची, १२ मिलिमीटर जाडीची डबी घ्या. घनफळ साधारण ३४ घन सेंटिमीटर. त्यातली तिसरा हिस्सा जागा बॅटरीला दिली तरी पाच-साडेपाच वॅट-तास मिळतात, पेनाच्या चौपट. त्यातही खिशात असताना ती फोनच्या ब्लूटूथवर बसली, तर दिवस निघतो. म्हणून माझी डबी.

खिसा ही जागा वाटते तितकी सोयीची नाही, हे जाता जाता सांगतो. खिशातल्या मायक्रोफोनला सगळ्यात आधी ऐकू येतं ते कापड. चालताना कापड घासलं की ज्या खरखरीने कान किटतात, ती माणसाच्या आवाजाच्याच पट्टीत असते. त्यामुळे मायक्रोफोन एकाच बाजूला ठेवून चालत नाही. कुठली तरी बाजू मोकळी असेल या आशेवर तीन-चार बाजूंना ठेवावे लागतात. कॅमेरा तर खिशात आंधळाच. म्हणजे एक तर तो टेबलापुरता असेल, किंवा नसेल. मी ‘बहुधा’ लिहिलंय ते यासाठी.

अंगावर लावायचा मार्ग एकदा चोखाळून झालाय. ॲपलमधूनच बाहेर पडलेल्या मंडळींची ह्युमेन ही कंपनी, गुंतवणूकदारांत ऑल्टमनही होते. वर्षानुवर्षं गुप्तता, भारावलेले गुंतवणूकदार. एप्रिल २०२४ मध्ये ६९९ डॉलरला आणि वर महिना २४ डॉलर वर्गणी लावून त्यांची कपड्यावर लावायची पिन आली. तळहातावर लेझरने अक्षरं उमटवायची, गरम व्हायची, उत्तर द्यायला वेळ घ्यायची, आणि बॅटरी पुरत नसल्यामुळे कपड्याच्या आतून दुसरी बॅटरी लावावी लागायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपीने कंपनीची मालमत्ता ११.६ कोटी डॉलरला घेतली आणि त्याच महिन्याच्या शेवटी विकलेल्या पिना बंद पडल्या. हे जवळून पाहिलेला माणूस तीन महिन्यांनी ‘अंगावर घालायचं नाही’ असं ठरवतो, यात मला गूढ काही दिसत नाही. उष्णतेचा हिशोब दिसतो. कपड्याला लटकवलेल्या ३४ ग्रॅमच्या वस्तूला दोन वॅट बाहेर टाकायला जागाच नसते. टेबलावरच्या डबीला चहुबाजूंनी हवा मिळते.

मग जग बदलणार ते काय? बदललं तर आतल्या संभाषणाने बदलेल, आणि ते डबीत नाही. आवाजाला उत्तर अर्ध्या सेकंदात आलं, न विचारता मध्ये बोलली नाही आणि बोलायला हवं तेव्हा बोलली, तर लोक ती डबी घरभर घेऊन फिरतील. नाही तर ती ड्रॉवरमध्ये जाईल. हे माझ्या हातातलं काम नाही, म्हणून त्यावर पैज लावत नाही.

डबीवर लावतो. आणि ती हरलो की जिंकलो हे कळायला अनावरणाच्या सोहळ्याची वाट बघायची गरज नाही. एफसीसीची नोंद झाली की फोटो आणि माहितीपुस्तिका १८० दिवसांपर्यंत झाकून ठेवता येतात, चाचण्यांचे अहवाल सहसा उघडे राहतात. त्यात दोन गोष्टी बघा. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चाचणी केली: फक्त ब्लूटूथ-वायफायच्या पट्ट्या असतील तर वस्तू फोनवर किंवा घरच्या राउटरवर अवलंबून, मोबाइल नेटवर्कचे बँड असतील तर ती स्वतंत्र. आणि शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींची चाचणी किती अंतरावर केली: शरीराला चिकटवून, पाच मिलिमीटरवर, की केलीच नाही. टेबलावरच राहणाऱ्या वस्तूची ती चाचणी शरीराला चिकटवून कुणी करत नाही. मोबाइलचे बँडही दिसले आणि अंतर शून्यही दिसलं, तर बॅटरीबद्दल वर लिहिलेला सगळा हिशोब मला पुन्हा मांडावा लागेल, आणि चहाचे पैसे परत माझ्याकडे.